न फिरलेल्या लेथची पूजा

झेंडू आणि ग्रीस यांचा वास एकत्र आला की मला सातपूरची ती पत्र्याची शेड आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. थोरल्या भावाने ओझरच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून लोखंड कातायचा स्वतःचा लेथ घेतला होता आणि गावाकडच्या पोरांना कामाचा शब्द दिला होता. दारात विजेचा खांब उभा होता, पण वीजवाल्या साहेबाचे हात ओले केल्याशिवाय तार काही येत नव्हती. शेजारच्या शेडवाल्याने ते केलं, त्याची यंत्रं धडधडू लागली. भाऊ मात्र हटून बसला. तशात खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रं पुजून बंद ठेवायची. भावानेही लेथ पुसून हार घातला. शेजारी पूजेला आलेला साहेब आमच्याकडेही डोकावला. आईने पेढा पुढे केला. तो खात म्हणाला, "वा, मशीन अगदी नवंकोरं ठेवलंय!" भाऊ म्हणाला, "साहेब, बाकीच्यांच्या मशीनला आज सुट्टी. आमच्याला वर्षभर, तुमच्या कृपेने." साहेब हसला, दुसरा पेढा उचलला आणि गेला. उन्हाळा सरला तरी तार आली नाही. शेवटी लेथ शेजाऱ्यानेच घेतला, आणि तो चालवायला माणूस म्हणून भावालाही कामावर घेतलं. पोरं गावीच राहिली. पुढच्या खंडेनवमीला भावाने त्याच लेथला हार घातला, पेढे मालकाने वाटले. आज कुणी ऐटीत म्हणालं, "आपल्या माणसाला धंदा जमत नाही," की मला साहेबाने उचललेला तो दुसरा पेढा दिसतो.