हुसेनभाऊंचा खिळा

हुसेनभाऊंना बसलेले मी आजवर दोनदाच पाहिले आहे. एरवी ते उभे असतात, चालत असतात, नाहीतर बैलाच्या खुराशी वाकलेले असतात. आमच्या क्लबची फलंदाजी सुरू झाली की बाकीचे खेळाडू कडुनिंबाखाली सतरंजीवर पसरत आणि हुसेनभाऊ मैदानाच्या कडेने फेऱ्या मारत राहत. कोणी म्हणाले, "हुसेनभाऊ, बसा ना दोन मिनटं," तर चालता चालताच उत्तर येई, "बसलो का गंजतो मी. लोखंडाचा धंदा हाय, राजेहो."

ते नालबंद आहेत. चांद्याला जटपुरा दरवाजाबाहेर, रस्त्याच्या कडेला, त्यांचे पत्र्याचे छप्पर आहे. जंगलातून सागवान घेऊन येणाऱ्या गाड्यांचे बैल तिथे नाल ठोकून घ्यायला थांबतात. माझे वडील गाडीवान. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. मी मॅट्रिकला असताना एकदा वडिलांबरोबर गेलो, तेव्हा आमचा बैल दोरांनी बांधून आडवा पाडलेला होता आणि हुसेनभाऊ तोंडात चार खिळे धरून त्याच्या खुरावर काम करत होते. खिळे तोंडात ठेवूनच ते बोलत.

"पोट्टा शिकते का?"

"शिकते," वडील म्हणाले. "मॅट्रिकले हाय."

हुसेनभाऊंनी वर न बघता बाजूचा एक नाल माझ्याकडे भिरकावला. मी तो कसाबसा झेलला. तळहाताला झिणझिण्या आल्या.

"दुखलं का?"

"नाही."

"खोटं बोलते. दुखलं त दुखलं म्हणावं." मग वडिलांकडे वळून म्हणाले, "हात बरे हायेत. संध्याकाळी मैदानावर धाडून दे."

असा मी क्लबात आलो. हुसेनभाऊ आमचे यष्टिरक्षक. ते क्लबात कसे आले, तेही इथे सांगायला हवे. महायुद्धाच्या आधी कचेरीतल्या आणि रेल्वेतल्या काही बाबूंनी क्लब काढला. फलंदाजी सगळ्यांना हवी होती. स्टंपांच्या मागे उभे राहून चेंडू अंगावर घ्यायला कोणी तयार नव्हते. त्यांतल्या एकाच्या टांग्याचा घोडा नाल ठोकायला आणलेला होता. त्याने नालबंदालाच विचारले. हुसेनभाऊ म्हणाले, "घोड्याच्या मागं उभा राह्यतो, त लाकडाच्या मागं काऊन नाई?" तेव्हापासून वीस-बावीस वर्षे ती जागा त्यांचीच होती. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे वाकडी आहेत. कोणते बोट चेंडूने मोडले आणि कोणते बैलाने, ते त्यांना स्वतःलाही आठवत नाही.

आमच्या क्लबात एक रीत आहे, ती दुसरीकडे कुठे असेल असे वाटत नाही. आमचे मैदान मुरमाचे. त्यावर काथ्याची मॅट अंथरून खेळायचे. कडेला बांबूच्या खुंट्या असतात, पण मॅट ताणून धरायला लोखंडी खिळेच लागतात, आणि मैदानावर ठेवलेले खिळे पूर्वी रातोरात नाहीसे होत. गाडीवानांना लोखंड सोन्यासारखे. शेवटी हुसेनभाऊंनी गाडीच्या चाकावरच्या जुन्या लोखंडी पट्टीतून, म्हणजे धावेतून, वीतभर लांबीचे अकरा खिळे घडवले, प्रत्येकाच्या माथ्यावर वेगळी खूण उठवली आणि एकेका खेळाडूला एकेक वाटून टाकला. "आपापला खिळा आपापल्या घरी. ज्याचा खिळा मॅटीत, तो खेळीन." तेव्हापासून आमच्याकडे संघाची यादी लिहिली जात नाही. सामन्याच्या सकाळी ज्याने त्याने आपला खिळा ठोकायचा. कोणी क्लब सोडला तर त्याचा खिळा पुढच्याला मिळतो. हुसेनभाऊंच्या खिळ्यावर नालाची चंद्रकोर आहे. तो जटपुरा दरवाजाकडच्या टोकाला, स्टंपांच्या मागच्या कोपऱ्यात ठोकला जाई.

मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, मी नागपूरच्या कॉलेजातून दिवाळीच्या सुटीत आलेलो असताना, कोळशाच्या खाणीवरच्या संघाशी सामना होता. हुसेनभाऊंच्या हातून दोन झेल सुटले. दुसरा तर सरळ हातात आला होता; बोटे मिटलीच नाहीत. एरवी स्टंपांमागून त्यांची बडबड अखंड चालायची. त्या दिवशी ती थांबली, आणि मैदान एकदम मोठे वाटू लागले. आम्ही हरलो.

नाताळाच्या सुटीत मी नागपूरहून आलो तेव्हा क्लबचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात, त्यांनी मला बोलावून घेतले. हुसेनभाऊंचा सत्कार करायचे ठरले होते. "तू कॉलेजात आहेस. क्लबचा इतिहास लिही आणि मानपत्रही लिही." मला फार अभिमान वाटला. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "सत्काराच्या वेळी ते आपला खिळा तुझ्या हाती देतील. पुढं कीपिंग तू करायचं. त्यांना आधी सांगू नको, उगाच मनाला लावून घेतील."

मी हो म्हणालो. खरे सांगायचे तर ती जागा मला हवी होती.

इतिहास विचारायला मी रोज छपराखाली जाऊ लागलो. हुसेनभाऊ भाता ओढत, घण मारत, बैलाला चुचकारत सांगत आणि मी वहीत उतरवून घेई. तिसऱ्या दिवशी ते थांबले. नागपूरला शिकायला गेल्यापासून ते मला 'कालेज' म्हणत.

"कालेज, हे सारं काऊन लिहून राह्यला बे? मानूस मेल्यावर लिहितेत असं."

"सत्कार आहे म्हणून."

"हार घालतीन. मंग?"

"मग काही नाही. चहा."

त्यांनी तापलेले लोखंड पाण्यात बुडवले. वाफ विरेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते. "माह्या खिळा मांगतीन का?"

मी वहीचे पान उलटले. "मला नाही माहीत," मी म्हणालो.

सत्कार शाळेच्या सभागृहात झाला. हुसेनभाऊंना मी पहिल्यांदा बसलेले पाहिले ते तिथे, मधल्या खुर्चीवर. धुतलेला पायजमा, काळी टोपी, गळ्यात झेंडूचा हार. त्यांचे गुडघे सारखे हलत होते. मी मानपत्र वाचले. ते मी मनापासून लिहिले होते, तरी वाचताना एकेक वाक्य खोटे वाटत गेले. मग वकीलसाहेब उठले आणि म्हणाले, "आता हुसेनभाई आपला खिळा नव्या यष्टिरक्षकाच्या स्वाधीन करतील," आणि त्यांनी माझे नाव घेतले.

हुसेनभाऊंनी माझ्याकडे पाहिले. रागाने पाहिले असते तर सोपे झाले असते. त्यांनी खिशातून खिळा काढला. म्हणजे तो त्यांनी बरोबर आणलेला होता. माझा हात पुढे झालेला होता. त्यांनी खिळा माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला, हार काढून त्याच्याजवळ ठेवला आणि चहा न घेता निघून गेले.

पुढच्या रविवारी सामना होता. मी सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो आणि टेबलावरून उचलून आणलेला चंद्रकोरीचा खिळा त्याच्या जुन्या जागी ठोकला. चांगला खोल, सरळ. दुपारपर्यंत मॅट त्या कोपऱ्यात सैल झाली. मी पुन्हा ठोकला. तो पुन्हा वर आला. चेंडू सुरकुतीवर पडून भलतीकडेच उडू लागला. एक माझ्या खांद्याला लागला, दोन झेल सुटले. स्लिपमध्ये उभा असलेला आमचा कंपाउंडर म्हणाला, "काऊन रे, हुसेनभाऊचे फक्त सुटलेले झेलच घेतले का तुनं?" सगळे हसले. मीही हसलो. तो दिवस कसा संपवला, मला आठवत नाही.

संध्याकाळी मी खिळा घेऊन छपराशी गेलो. हुसेनभाऊ भट्टी विझवत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकले, "मला माहीत होतं, हुसेनभाऊ. तुम्ही विचारलं तेव्हा मला माहीत होतं. मी खोटं बोललो."

"मालूम हाय," ते म्हणाले. "पयल्या दिवशी नालही असाच झेलला होता तुनं. लिहिता येते तुले, बोलता नाई येत." भट्टीत त्यांनी आणखी थोडे पाणी ओतले. "आज किती सोडले?"

"दोन."

"मॅट उचलली?"

"हो. खिळा राहत नाही."

"कसा ठोकला?"

"सरळ."

ते पहिल्यांदा हसले. "खुरात सरळ ठोकला त बैल लंगडते. मुरमात सरळ ठोकला त उपटते. वीस साल मागं उभा होतो मी, अन् तुमी कोनी पाह्यलंच नाई." त्यांनी हातोडा माझ्यापुढे टाकला. "ठोक. इथंच, जमिनीत."

आणि ते खाली बसले. बैल पाडतात त्या जागी, मातीवर, पाय पसरून. मग मी ठोकायला लागलो.

"तिरका. मॅटीकडून बाहेर पाह्यजे मुंडी. और तिरका. काढ, परत ठोक."

मी काढला, परत ठोकला. पाच-सहा वेळा तरी. खालची जमीन मैदानासारखीच कडक होती. एक घाव चुकला आणि अंगठ्यावर बसला. मी हातोडा खाली ठेवला नाही, पण त्यांनी पाहिले होते.

"दुखलं का?"

"दुखलं," मी म्हणालो. "खूप दुखलं."

हुसेनभाऊ उठले. खिळा त्यांनी दोन बोटांनी हलवून पाहिला; तो हलला नाही. मग पायाने माती उकरून तो उपटला, पायजम्याला पुसला, माझी मूठ उघडली आणि त्यात ठेवला.