चार बोटांचा तुकडा

फोन आला तेव्हा मी पाईप कापत होतो. सुलभाबाईंच्या भाचीचा फोन. "काका, मावशी गेली सकाळी," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. बाकाचे चार पाय कापायचे होते, दोन झाले होते. राहिलेले दोन कापले, कडा घासल्या, भिंतीला टेकवून ठेवले, मग हात धुतले. मुश्ताक माझ्याकडं पंधरा वर्षांपासून वेल्डिंग करतो, त्यानं विचारलं, "क्या हुआ चाचा?" मी सांगितलं, "बाई गेल्या." त्यानं होल्डर खाली ठेवला आणि टोपी काढून बसून राहिला. मला वाटलं मलाही काहीतरी होईल... छातीत, डोळ्यांत. काही झालं नाय. सहा आठवडे होत आले, अजून झालेलं नाय. म्हणून लिहायला बसलो. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हणालो, माझं मी लिहितो. तू फक्त वेलांट्या बघ.

बाई वस्तूंचे आकार ठरवायच्या. बाहेरगावी शिकल्या, मोठ्या कारखान्यात पंखे आणि मिक्सरवर काम केलं, मग ते सोडून आपल्या गावी परत आल्या आणि छावणी भागात दोन खोल्या घेऊन राहिल्या. लग्न केलं नाय. वडील पूजा सांगणारे होते. माझं दुकान चिकलठाण्याला, जालना रोडपासून आत, तेव्हा तिथं मागं ज्वारीची रानं होती. पहिल्यांदा आल्या तेव्हा कागदाची सुरळी घेऊन आल्या. मी म्हणालो, "कागद राहू द्या, तोंडानं सांगा." मी चौथी शिकलेला माणूस, कागदाला भीत नाय, पण मानतही नाय. त्या हसल्या आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. "सांगते उस्ताद. चहा मागवा, लांबलचक आहे." तेव्हापासून मी उस्ताद आणि त्या बाई. मॅडम म्हटलेलं त्यांना चालायचं नाय.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहर चारी अंगांनी वाढत होतं, नव्या इमारतींनाही टँकर आणि वस्त्यांनाही टँकर. बाई एका संस्थेसाठी काम करत होत्या, बिडकीनच्या बाजूला एका वस्तीवर. संस्थेला पाण्याचा ढकलगाडा हवा होता. बाई आठ दिवस टँकरपाशी नुसत्या बसून राहिल्या आणि येऊन म्हणाल्या, "गाडा नको. रस्ताच नाही, दगड आहेत, बाया डोक्यावरूनच नेणार. त्रास नेण्याचा नाही उस्ताद, उचलण्याचा आहे. भरलेला हंडा डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. आणि एक बाई आहे तिथं, गयाबाई. तिला कुणी हात लावत नाही. सगळ्या जातात, ती थांबते."

गयाबाई विधवा, वस्तीच्या टोकाला राहणारी, आमच्यातली. आमच्यातली म्हणजे काय ते बाईंना सांगावं लागलं नाय. मी मात्र त्या दिवशी बोललो, जे घरातही कधी बोललो नव्हतो. माझी आई गावच्या आडापाशी अशीच उभी राहायची. आडाला शिवायचं नाय, वरून कुणी पाणी ओतलं तर घ्यायचं. ओतणारी ओतायची, पण घागर उचलू लागायची नाय, विटाळ व्हायचा. मग आई बसायची, घागर आधी गुडघ्यावर घ्यायची, मग तशीच उठून शेताच्या बांधाच्या दगडावर कमरेइतक्या उंचीला ठेवायची, दम घ्यायची, मग वरच्या बांधावर, आणि तिथून वाकून डोकं खाली घालायची. तीन टप्प्यांत. एकटी. बाई ऐकत होत्या. चहा निवून गेला. मग म्हणाल्या, "झालं की उस्ताद. आईनंच करून ठेवलंय." आणि खडूनं माझ्या फरशीवर तीन पायऱ्यांची लोखंडी घडवंची काढली. एक पायरी गुडघ्याला, एक कमरेला, एक टाळूच्या किंचित खाली. मी चेष्टा केली, "तुमच्यात तर पाणी सोवळ्यात भरत्यात. तुम्हाला कसं सुचलं?" त्या म्हणाल्या, "माझ्या आजीनं तुमच्या आईला पाणी वरूनच ओतलं असतं उस्ताद. म्हणून तर बसलेय इथं बादलीवर."

माप घ्यायला बाईंनी सुतळी नेली. वस्तीतल्या अकरा बायांना अनवाणी उभं करून प्रत्येकीच्या टाळूखाली सुतळीला गाठी मारून आणल्या. सगळ्यात खालची गाठ गयाबाईची. बाई म्हणाल्या, "वरची पायरी या गाठीनं करायची." मी म्हणालो, मधल्या गाठीनं करू, सगळ्यांना थोडं थोडं सोयीचं. तर म्हणाल्या, "उंच बाई गुडघ्यात वाकेल. ठेंगणी वाढेल का?" मी सुतळी खिळ्याला टांगली आणि बारा घडवंच्या करायला घेतल्या.

आता जे सांगतो ते इतकी वर्षं फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, त्यातलं एक गेलं. पाईप वीस फुटी येतो. त्याचे पाच फुटी चार पाय बरोबर पडतात, दाताखाली धरावा एवढाही तुकडा उरत नाय. बाईंच्या गाठीनं कापला तर प्रत्येक पाय चार बोटं कमी, म्हणजे पाईपमागं फूटभर तुकडा भंगारात. माझ्या बापानं, तोच माझा उस्ताद, मला एकच शिकवलं होतं, माल वाया घालवायचा नाय. वाया घालवला की कारागीर कच्चा. मी सुतळीकडं बघितलं आणि पाच फुटांनी कापलं. चार बोटांनी काय होतंय, मनाशी म्हणालो. रंग मारला, लई देखणं दिसत होतं. बाई तेव्हा आजारी वडिलांपाशी होत्या, त्यांनी फोनवर विचारलं, "गाठीनं केलंत ना?" मी म्हणालो, "व्हय."

घडवंच्या वस्तीवर गेल्या. दहा बायांचं काम झालं, खुश होत्या. अकरावी गयाबाई. तिला शेवटच्या पायरीवरून हंडा डोक्यावर घ्यायला टाचा उचलाव्या लागायच्या. टँकरपाशी चिखल. तिसऱ्या दिवशी घसरली, हंडा खाली, मनगट मोडलं.

संस्थेचे साहेब आले, वस्तीतली माणसं जमली. साहेबांनी विचारलं, "माप कोणाचं चुकलं?" मी मागं उभा होतो, हात पाठीमागं बांधून. तोंडात शब्द होता... खरंच होता. पण बारा गावांत ज्याच्या वेल्डिंगकडं कुणी बोट दाखवलं नाय, त्यानं चार लोकांत चौथी पास तोंडानं सांगायचं की बाईंनी बरोबर सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाय? बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माप माझं चुकलं." माझ्याकडं बघितलंही नाय. त्या संस्थेनं पुन्हा त्यांना काम दिलं नाय.

परतताना जीपमध्ये त्या एवढंच बोलल्या, "उद्या पाय कापायचे उस्ताद." दुसऱ्या दिवशी त्या बादलीवर बसून होत्या आणि मी बारा घडवंच्यांचे अठ्ठेचाळीस पाय चार चार बोटं कापले. कापताना त्या सुतळी धरायच्या. संध्याकाळी जाताना खाली वाकल्या, तुकड्यांच्या ढिगातला एक उचलून पिशवीत टाकला.

पुढं वर्षं गेली. ज्वारीच्या रानांत प्लॉट पडले, प्लॉटांवर सात मजले चढले. बाईंनी माझ्याकडून कुबड्या करून घेतल्या, शाळेचे बाक करून घेतले, भाजीवालीचा पाट करून घेतला. प्रत्येक वेळी सुतळी, आणि प्रत्येक वेळी मी खालच्या गाठीनं कापलं. एकदा मला घेऊन गेल्या एका बांधकामावर, दुकानापासून हाकेच्या अंतरावर. तिथं आमची घडवंची. कुणीतरी कुठून तरी आणलेली, रंग गेलेला. बांधकामावरच्या बाया घमेलं पायरीपायरीनं चढवून डोक्यावर घेत होत्या. मी ताठ झालो. बाई म्हणाल्या, "ताठ होऊ नका, ती आता आपली नाही राहिली." त्या दिवशी सांगावंसं वाटलं. त्यांना चहा पाजला, तेवढंच केलं.

शेवटची भेट पावसाळ्याआधी, छावणीतल्या खोलीत. बाई खाटेवर, लई बारीक झालेल्या. टेबलावर कागदांची चळत आणि तिच्यावर तो तुकडा. चार बोटांचा. एका कडेला माझ्या कटरचा बुरा, लोखंडाची खरखरीत कोर, तसाच होता. मी तो हातात घेतला. म्हणालो, "बाई, त्या वेळी..." त्या म्हणाल्या, "ठेवा तिथं. कागद उडतात." मी ठेवला. मग त्यांनी मुश्ताकच्या पोरीच्या परीक्षेचं विचारलं, मी सांगितलं, आणि उठलो. माझ्यानं पुन्हा धाडस झालं नाय.

त्या गेल्यावर आठ दिवसांनी मी बिडकीनला गेलो. वस्ती ओळखू येत नाय, मागून चौपदरी रस्ता गेलाय. गयाबाई म्हातारी झाली, डावं मनगट अजून तिरकं. तिला सगळं सांगितलं, पाईपासकट. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "मला काय ठावं भाऊ, मी का पाईप मोजीत हुते. मी म्हनायची देवानंच ठेंगणं केलंय, बाईचा काय दोस." एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "ती येत हुती की मला भेटाया. दर संक्रांतीला. दवाखान्यातबी तीच हुती." मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली का. गयाबाई म्हणाली, "तुझं नाव कशाला काढंल ती. म्हनायची, उस्तादाच्या आईची घडवंची हाय ही, जपून वापर." आणि सूप झटकलं. "मला सांगून काय उपेग आता. तिला सांगायचं हुतंस."

व्हय. तिला सांगायचं होतं. मी इथं लिहितो, ज्या साहेबांनी विचारलं होतं ते कुठं असतील तर वाचतील. माप बाईंचं बरोबर होतं. पाय मी कापले.

मागच्या आठवड्यात भाची खोली रिकामी करत होती, मला बोलावलं. खाट गेली होती, भांडी खोक्यात भरलेली. टेबल तसंच होतं. ती म्हणाली, "काका, हा लोखंडाचा तुकडा तुमच्या दुकानातला असेल ना? घेऊन जा." मी हात पुढं केला आणि मागं घेतला. म्हणालो, "राहू दे. कागद आवरशील तेव्हा सगळ्यात शेवटी उचल." पंखा चालू होता. कागदांच्या कडा फडफडत होत्या, पण चळत हलत नव्हती. मी दारात उभा राहून बराच वेळ तेच बघत राहिलो.