तीन पावलं मागे

“अदी, पहिले तीन पावलं मागे. मग बोला.”

उल्हासनगरच्या त्या फ्रेमवाल्या काकांचं हे पेटंट वाक्य. अदी म्हणजे सिंधीत बहीण. फ्रेम तयार झाली तरी ती लगेच हातात मिळायची नाही. काका ती दुकानात भिंतीला टेकवून ठेवायचे आणि आपल्याला बाहेर पिटाळायचे. बाहेरच्या ओट्यावर सगळ्या फरश्या करड्या, आणि बरोबर तीन पावलांवर एकच लाल. ती त्यांनी मुद्दाम बसवून घेतली होती. तिच्यावर उभं राहून फ्रेम बघायची, मगच ती कागदात गुंडाळली जायची. मग ती झूलेलालची असो, लग्नातल्या जोडप्याची असो, नाहीतर आजोबांची.

एखादा घाई करायला लागला की काका विचारायचे, “आरशाला नाक लावून चेहरा बघतो काय तू?”

आम्ही कात्रपचे, म्हणजे बदलापूर पूर्वेचे. आमच्याकडे सोफा घ्यायचा, जीन्स घ्यायची, की माणसं उल्हासनगर गाठतात. मी गेले होते ती मात्र लेकीचं चित्र घेऊन, आणि तेही नाइलाजाने.

माझी लेक चित्रकलेच्या कॉलेजात आहे. तिची चित्रं कशी, तर धुरकट निळी, राखाडी, मध्येच एखादी खिडकी. माणूस असलाच तर पाठमोरा. गेल्या दिवाळीत जावांसमोर मी बोलून गेले, “हिच्या चित्रांना सुतक लागलंय बाई!” सगळे हसले. ती हसली नाही. त्यानंतर तिने मला एकही चित्र दाखवलं नाही. कॉलेजच्या प्रदर्शनाचा विषय निघाला तेव्हा शांतपणे म्हणाली, “आई, तू नको येऊस. तुला बोअर होईल.”

बोअर होईल हे निमित्त होतं, एवढं कळण्याइतकी अक्कल मला आहे. दिवाळीत ती कुठे गेली होती, ते विचारू नका.

मग नेमक्या प्रदर्शनाच्या आठवड्यात ती तापाने फणफणली. घरात दुसरं कुणी नव्हतं. शेवटी पांघरुणातूनच हुकूम सुटला, “फ्रेमला टाकून ये फक्त. तिथे काही बोलू नकोस.” मी चित्र माझ्या जुन्या गाऊनमध्ये गुंडाळलं, गॅस बंद केला आणि तशीच निघाले.

दुकानात पाऊल टाकलं तर छोट्या स्पीकरवर एक मुलगी गात होती. गात होती म्हणजे, नुकतीच झोपेतून उठून कुणाशी तरी हळू आवाजात तक्रार करत होती. मागे एकच गिटार, तीही पाय ओढत चालल्यासारखी. आता माझ्या कानांवर संस्कार काय, तर हळदीचा डीजे आणि मिक्सर. मी दबक्या आवाजात विचारलं, “काका, कुणी गेलंय का?”

“कोई नहीं गेलं, अदी. ये लडकी लोग असंच गातात.”

आणि एकदम त्यांनी काच कापायचं हत्यार खाली ठेवलं, डोळे मिटले आणि एक बोट वर केलं. मला वाटलं, ह्यांना चक्कर येतेय. मी स्टूल पुढे ओढलं.

“आता येणार… रुको… रुको…”

गाण्यात, त्या सगळ्या उदासीच्या मागून, लांबून कुकरची शिटी झाली.

“आली!” काकांचा चेहरा नातू दारात दिसल्यासारखा उजळला.

काकांनी सांगितलं, एक गाणारी, एक गिटारवाली, दोघी अंबरनाथच्या. घरातच, डोक्यावर गोधडी घेऊन गाणी रेकॉर्ड करायच्या. शेजारणीचा कुकर मध्ये बोलला, आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. गाण्याच्या कव्हरचं चित्र फ्रेम करायला त्या इथे आल्या, तेव्हा काकांनी विचारलं, ह्याच्या आत काय आहे? मुलींनी तिथेच ऐकवलं. “ज्याचा फोटो मी भिंतीवर चढवतो, त्याला ऐकायला नको?” काका म्हणाले. तेव्हापासून सत्तरी ओलांडलेला हा माणूस असली गाणी शोधून शोधून ऐकत होता. कुठली कुठली पोरं, कुठल्या कुठल्या खोल्यांत बसून गाणारी.

“पण इतकं रडकं कशाला ऐकायचं?” मी.

“रडकं नाही, अदी. धीमा आहे. तुम्ही फास्ट आहात.”

मी चित्रावरचा गाऊन सोडला. चित्र निळं-काळं. एक बाई, अर्थात पाठमोरी, खिडकीपाशी उभी. बाहेर बिल्डिंगचे दोन-चार दिवे. लेकीच्या चित्राला जरा उठाव यावा म्हणून मी भिंतीवरची वेलबुट्टीची सोनेरी पट्टी दाखवली. “ही लावा. जरा झगमगीत दिसेल.”

“चुपचाप उभ्या बाईला वरातीत नाचवता काय?” काकांनी साधी काळी पट्टी काढली.

तेवढ्यात मला चित्रावर एक डाग दिसला. बाईच्या डाव्या खांद्यावर, पांढरा, चांगला बोटभर. गाऊनचं काही लागलं की काय! लेक मला जिवंत ठेवणार नव्हती. मी माझ्या खांद्यावरचा नॅपकिन ओढला, त्याचं टोक जिभेला लावलं आणि पुसायला वाकले.

“अदी!” काकांनी माझं मनगट धरलं. इतका साधा माणूस, पण त्या वेळी ओरडलाच. “पुसू नका!”

मग त्यांनी चित्राकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या नॅपकिनकडे पाहिलं. आणि हळूच म्हणाले, “तीन पावलं मागे.”

“अहो, अजून फ्रेम कुठे झालीये?”

“जावा तर.”

मी ओट्यावर गेले, लाल फरशीवर. मागून एक रिक्षावाला “ओ मावशी, साइड!” म्हणून ओरडला. मी वळून पाहिलंसुद्धा नाही. समोर, भिंतीला टेकून, माझं स्वयंपाकघर होतं. माझी खिडकी. केसांत ती एक दात तुटलेली क्लिप. आणि डाव्या खांद्यावर तो पांढरा नॅपकिन, जो मी घरभर मिरवते आणि त्या दिवशी उल्हासनगरपर्यंत मिरवत आले होते.

संध्याकाळी गॅससमोरून बाजूला होऊन मी जरा वेळ खिडकीशी उभी राहते. काहीच करत नाही. ते कुणी पाहत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. माझी पाठ कशी दिसते तेही मला माहीत नव्हतं. लेकीला माहीत होतं.

काकांनी स्टूलवर पाण्याचा ग्लास ठेवला आणि स्पीकरवर तेच गाणं पुन्हा लावलं. शिटीच्या वेळी बोट दोघांनीही वर केलं.

घरी आले. लेकीने पांघरुणातून विचारलं, “काही बोलली नाहीस ना?”

“बोलले. आणि तुझं चित्र थुंकी लावून पुसणार होते.”

ती ताडकन उठून बसली. मी सगळं सांगितलं, सोनेरी वेलबुट्टीसकट. ती आधी घाबरली, मग हसायला लागली. खोकून खोकून हसली. मी विचारलं, “प्रदर्शनाला येऊ?”

माझ्या खांद्याकडे बघत ती म्हणाली, “ये. पण हा घेऊनच ये.”

गेले. तिथे मी तिच्या चित्रापासून तीन पावलं मागे सरकले आणि तिच्या सरांच्या पायावर पाय दिला. लेकीने ओळख करून दिली, “सर, ही चित्रातली.”

पुढे काकांच्या दुकानात मी उगाचच जायला लागले. त्यांनी गाण्यांची यादी माझ्या फोनवर टाकून दिली. आता पोळ्या लाटताना कानात कुणीतरी धीम्या आवाजात गात असतं. आमचे हे विचारतात, “आज कुणाचा दहावा?” मी म्हणते, “तुम्ही फास्ट आहात.”

नजर अधू झाली तसे काका इंदूरला मुलीकडे राहायला गेले. परवा त्या बाजूला गेले होते. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. “क्या चाहिए, आंटी?” नव्या दुकानदाराने विचारलं. ओटा तोच होता. मी मोजून तीन पावलं मागे गेले आणि लाल फरशीवर उभी राहिले. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला.

इतक्यात वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली, आणि माझं बोट वर गेलं.

“आली!” मी त्याला सांगितलं.