पासष्टीच्या पुढचा सायकलस्वार

“पोस्टरवरचा चषक काढा,” मी म्हणालो.

योगेशने मोबाइलमधून डोके वर काढले. “नाना, पोस्टर छापून झालं. चौकाचौकात लागलंसुद्धा.”

“मग चौकाचौकातून उतरवा.”

योगेशचे जळगावात ठिबक सिंचनाच्या साहित्याचे दुकान आहे आणि आमच्या भागातील सायकल क्लबचा तो अध्यक्ष आहे. धुळ्याच्या एका धर्मादाय रुग्णालयात मोफत डायलिसिस कक्ष व्हावा, यासाठी जळगाव ते धुळे सायकल फेरी काढायची आणि प्रत्येक स्वाराने आपल्या ओळखीतून देणग्या मिळवायच्या, ही त्याची कल्पना. मी हयातभर विमा कंपनीत क्लेमचे टेबल सांभाळले. त्यामुळे फेरीच्या विम्याचे काम मी मागून घेतले आणि ते मला तत्काळ देण्यात आले, कारण दुसऱ्या कोणालाही ते नको होते.

आता चषकाचे प्रकरण. अशा फेरीसाठी सर्व स्वारांचा मिळून एक अपघात विमा घेतात. त्याला ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट म्हणतात. त्यात काही एक्सक्लूजन्स असतात, म्हणजे ज्या प्रसंगी कंपनी भरपाई देत नाही असे प्रसंग. शर्यत हा त्यांतला ठळक प्रसंग. सायकल चालवणे चालते. एकमेकांना मागे टाकण्यासाठी चालवणे चालत नाही. आणि आमच्या पोस्टरवर ठळक अक्षरांत होते: ‘धुळ्यात प्रथम पोहोचणाऱ्यास चांदीचा चषक.’ उद्या कोणी ट्रकखाली आले असते, तर कंपनीने दुसरा कोणताही कागद मागितला नसता. हे एक पोस्टर फाइलला लावले असते आणि क्लेम नाकारला असता. तसे करण्यात तिची काही चूकही नसती.

चषक देणारे कांतिशेठ सराफ होते. जळगावात कोणत्याही सत्कार्याला चांदीसोन्याचे काहीतरी जोडल्याशिवाय ते पूर्ण होत नाही, अशी आमच्याकडे समजूत आहे. मी त्यांच्या पेढीवर गेलो. आधी दोन पानी पत्र दिले. त्यांनी ते न वाचताच गल्ल्याखाली ठेवले.

“नाना, चषक माझ्या घरातून जातोय. तुमच्या कंपनीच्या पोटात का दुखतंय?”

“शेठ, कंपनीला दुखत नाही. कंपनी खूश होईल. तुमच्या चषकापायी तिला एक पैसाही द्यावा लागणार नाही.”

“तुम्ही ना, स्वतःच्या लग्नातसुद्धा अटी-शर्ती वाचून अंतरपाट धरू दिला असेल.”

पेढीवरची माणसे हसली. मी हसलो नाही. एवढेच विचारले, “तुमची नात सायकल चालवणार आहे ना?”

 शेठनी गल्ल्याखालचे पत्र काढून चष्मा लावला. संध्याकाळपर्यंत त्यांचीच माणसे शिड्या घेऊन पोस्टरे उतरवत होती.

मी विजयी मुद्रेने घरी आलो. पॉलिसीचा मसुदा कंपनीकडून आला होता. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे ही माझी जुनी सवय. शेवटच्या पानावर पात्रतेचे कलम होते. वय अठरा ते पासष्ट.

मी एकाहत्तर वर्षांचा आहे.

हे काम मी का मागून घेतले, ते आता सांगणे भाग आहे. माझे थोरले भाऊ धुळ्याला, देवपुरात राहतात. आम्ही त्यांना भाऊच म्हणतो. मी जळगावच्या शाखेत नवा लागलो तेव्हा ते धुळ्यात शिक्षक होते. दोघांचेही पगार बेताचे आणि दोघांकडेही सायकली. महिन्यातून एखाद्या रविवारी ते धुळ्याहून निघत, मी जळगावहून निघे आणि आम्ही पारोळ्याला भेटत असू. किल्ल्याजवळ एक चहाची टपरी होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मी न्यायच्या, ठेचा त्यांनी आणायचा. ज्याची वस्तू राहिली त्याने दुसऱ्याची बोलणी खायची. माझी वाट लांबची म्हणून मी आधी निघे, तरी ते नेहमी माझ्याआधी पोहोचलेले असत. माझी सायकल दिसली की आधी माझ्याकडे न बघता टायर अंगठ्याने दाबून बघत. मग म्हणत, “बस.”

रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा कडुनिंब होते. चौपदरीकरणात ते गेले. प्रत्येक झाडाच्या बदल्यात नवी झाडे लावण्याचे बंधन कंत्राटदारावर होते, याची आठवण देणारी माझी पत्रे संबंधित कार्यालयात असतील. झाडे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी भाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आता ते ओट्यावर खुर्चीत बसलेले असतात. मी एस.टी.ने जातो, भेटतो, परत येतो. मध्ये एकदा फोनवर फेरीचे सांगितले. ते आमच्या अहिराणीत म्हणाले, “सायकलवर येजो रे. मी वाट देखी राहिनू.”

एवढेच. पण तेव्हापासून मला दुसरे काही सुचत नव्हते. एकट्याने जावे, तर त्या महामार्गावरच्या ट्रकांमध्ये या वयात एकट्याने जाणे हा शुद्ध मूर्खपणा. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली होती, पण सोबत माणसे आणि मागे गाडी हवी या अटीवर. ती सोय फक्त फेरीत होती. आणि फेरीच्या दारावर पासष्टीचा पहारेकरी उभा होता.

“नाना, त्यात काय एवढं?” योगेश म्हणाला. “चौसष्ट लिहू. आधार कार्ड कोण बघतंय?”

“क्लेम आला की सगळेच बघतात.”

“तुमचा कशाला क्लेम येईल?”

“हेच वाक्य मी तीस वर्षे क्लेमच्या प्रत्येक फाइलमध्ये ऐकले आहे.”

विमा हा परम सद्भावाचा करार असतो. म्हणजे विमा घेणाऱ्याने आपल्याविषयीची कोणतीही महत्त्वाची गोष्ट लपवायची नाही. लपवली, तर करार रद्दबातल ठरतो. विम्याशिवाय, नाव न नोंदवता मागेमागे या, असेही योगेशने सुचवले. मी त्याला स्पष्ट बजावले: फेरीच्या रांगेतला एकजण पडला की लोक त्याचे नाव यादीत शोधत बसत नाहीत, आयोजकाला धरतात. आपल्या हौसेपायी त्याच्या गळ्यात कज्जा अडकवणे मला मान्य नव्हते.

मग मी पत्रे लिहिली. शाखेला लिहिले, विभागीय कार्यालयाला लिहिले, तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लिहिले. एंडॉर्समेंट मागितले, मूळ पॉलिसीला जोडायच्या दुरुस्तीच्या चिठ्ठीला तसे म्हणतात. जादा हप्ता देण्याची तयारी दाखवली. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले. धूम्रपान करणारा, स्थूल, तिशीतला माणूस निर्धोक आणि मी धोकादायक, हे कोणत्या शास्त्राने ठरले, असा प्रश्न विचारला. भाषा सभ्य ठेवली. संताप लपला नसावा.

शेवटी नाशिकहून कुलकर्णी मॅडमचा फोन आला. त्या अंडररायटर, म्हणजे कोणती जोखीम घ्यायची आणि कोणती नाही हे ठरवणाऱ्या अधिकारी.

“सर, तुमच्या पत्रात चुकीचं एक अक्षर नाही.”

“मग?”

“प्रॉडक्ट याच वयोमर्यादेवर मंजूर झालंय. मला ती ओलांडण्याचा अधिकार नाही.”

“अधिकार नाही हे लेखी द्या.”

“देते. पण एक विचारू? तुम्ही माझ्या खुर्चीत असता आणि हे पत्र तुमच्यापुढे आलं असतं, तर?”

 “नाकारलं असतं,” मी म्हणालो.

“मला वाईट वाटतंय सर.”

“वाटू देऊ नका. तुम्ही बरोबर आहात.” फोन ठेवल्यावर मी सायकल पुसली. पुसून झाली होती, तरी पुन्हा पुसली.

फेरीच्या दिवशी मी मागच्या जीपमध्ये बसलो. पॉलिसीची प्रत, प्रथमोपचाराची पेटी आणि मागे कॅरियरला बांधलेली माझी सायकल. एरंडोलला गावकऱ्यांनी केळ्यांचे घड उभे करून सगळ्यांना अडवले. खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ देईनात. पुढे स्वारांच्या पाठी उन्हात चमकत होत्या. कांतिशेठची नात उभ्याने पायडल मारत होती. माझे पाय जीपच्या तळाशी आपोआप हलत असल्याचे ड्रायव्हरने पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

पारोळ्याला नवा रस्ता गावाबाहेरून वळसा घेतो. फेरी बाहेरच्या बाहेर एका मंगल कार्यालयात जेवायला थांबली. तेवढ्यात मी रिक्षा करून किल्ल्याशी जाऊन आलो. टपरीच्या जागी मोबाइलचे दुकान आहे. दुकानदाराने विचारले, “काय दाखवू?” मी म्हणालो, काही नाही.

धुळ्याच्या मैदानावर भाषणे झाली. सगळे सुखरूप होते. आभारप्रदर्शन संपल्यावर मी योगेशला म्हणालो, “फेरी अधिकृतपणे संपली, असे माइकवरून जाहीर करा.”

“नाना, दिसतंय की संपली!”

“दिसणे वेगळे, जाहीर होणे वेगळे.”

त्याने जाहीर केले. त्या क्षणापासून फेरीचा माझ्याशी आणि माझा फेरीशी कायद्याने काही संबंध उरला नाही. मी एक खासगी नागरिक होतो. जीपवरची सायकल उतरवली आणि स्वतःच्या जबाबदारीवर देवपूरकडे निघालो. पांझरा नदीच्या पुलावर वारा समोरून होता. दम लागला. उतरलो नाही.

भाऊ ओट्यावर होते. त्यांनी मला पाहिले, सायकल पाहिली आणि चेहऱ्याची जी बाजू हलते तेवढी हसली.

“जयगावथाईन सायकलवर उना?”

हो म्हणणे अत्यंत सोपे होते. “नही भाऊ,” मी म्हणालो. “जीपमा उनू. मैदानापासून फक्त सायकल.”

भाऊ म्हणाले, “बठ्ठं खरं सांगानी गरज व्हती का रे तुले?”

मी सायकल ओट्याला टेकवली. त्यांनी डावा हात लांबवला, मागचे टायर अंगठ्याने दाबले, पुन्हा दाबले. “हवा कमी शे,” म्हणाले. मग म्हणाले, “बस.”

फेरीत एकही क्लेम आला नाही. देणग्या रुग्णालयाला पोहोचल्या. वयोमर्यादेविषयी माझा पत्रव्यवहार चालू आहे. अशी फेरी काढू इच्छिणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच: पोस्टर छापण्याआधी पॉलिसी वाचा. आणि सायकलवर ज्याच्याकडे जायचे आहे, त्याच्याकडे पासष्टीच्या आत जाऊन या.