बन्सीचा पट्टा

गव्हाच्या बाबतीत मी हट्टी आहे, हे माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नागपुरात बेसाला फ्लॅट घेतला तेव्हा इतरांनी पाण्याची आणि लिफ्टची चौकशी केली. मी विचारलं, चक्की किती लांब आहे? पिठाची तयार पिशवी घरात आली की माझं तोंड वाकडं होतं. गहू हातात घ्यावा, चार दाणे तोंडात टाकावेत आणि मग बोलावं, ही आईची सवय माझ्यात उतरली आहे. इतवारीतले दुकानदार मला दाणे चघळताना पाहून हसतात. हसोत बापडे.

भिवापूरकडच्या आमच्या गावी सोयाबीन निघालं की ओसरीवर ताटल्या मांडल्या जायच्या. बाबा कुठून कुठून गव्हाच्या वाणांचे नमुने आणत, आणि आई एकेका ताटलीतले दाणे चघळून बघे. चघळता चघळता पीठ विरघळतं आणि मागे चिकट गोळा उरतो. आम्ही पोरं त्याला गव्हाचं चिंगम म्हणायचो. आई तो गोळा बोटांनी ताणायची. लांब ताणला गेला तर पोळी मऊ होणार, पटकन तुटला तर तो गहू बाद. बाबांचा प्रश्न मात्र एकच असे, एकरी पोती किती होतील?

“पोते तुमी मोजा,” आई म्हणायची, “पोळ्या तं मलेच करा लागते.”

शेवटी तडजोड व्हायची. मोठ्या वावरात बाबांचा भरघोस गहू आणि बांधापलीकडच्या पट्ट्यात आईचा बन्सी. बन्सीचं चिंगम काही नीट होत नसे, पोळीही जरा कडकच व्हायची. पण त्याचा लांबट, पिवळा, कडक दाणा शेवयांसाठी असा काही होता की विचारू नका. शिजल्या तरी एकेक शेवई सुटी राही. उन्हाळ्यात आई अंगणात खाटेवर शेवया वाळत घालायची, आणि मी जाता येता कच्च्याच तोडून खायची. लग्न होऊन नागपूरला आले तरी दर उन्हाळ्यात माझी शेवयांची पिशवी यायची. डब्याचं झाकण उघडलं की ते अंगण घरात यायचं.

बाबा गेले, मग आई गेली. भावाने पट्टा मोडला नाही. मला आता शेवयांऐवजी बन्सी गहूच यायचा आणि शेवया मी इथे मशीनवर करून घ्यायची. पण मागच्याच्या मागच्या हंगामात भावाने भलतंच केलं. मोठ्या वावराला पाणी आणि युरिया देता देता त्याने पट्ट्यालाही दिला. “मायचा गहू उपाशी कसा ठेवू?” म्हणाला. आता बन्सी हा जमिनीतल्या ओलीवर वाढणारा गहू, त्याला असे लाड सोसत नाहीत. तो खांद्याएवढा वाढला आणि एका वादळी संध्याकाळी सगळाच्या सगळा आडवा झाला. हार्वेस्टरवाल्याने बांधावरूनच मान हलवली. मजूर मिळेनात. शेवटी माझ्या वहिनीने विळा घेतला आणि लोळलेली धाटं उचलून उचलून पट्टा कापला. कुसळांनी तिचे हात सोलून निघाले. कंबर धरली ती धरलीच.

पुढच्या पेरणीच्या आधी मी गावी गेले, तर भावाने ओसरीवर ताटल्या मांडलेल्या. बन्सी, लोकवन आणि एक नवा बुटका वाण. न लोळणारा, एकदम पिकणारा, मशीनने झटक्यात निघणारा. “ताई, आता तूच सांग,” तो म्हणाला. मी तिन्ही चघळले. बुटक्याचं चिंगम चांगलं लांब ताणलं गेलं, हे मला मुळीच आवडलं नाही. मी बन्सीचंच कौतुक सुरू केलं.

वहिनी चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, “ताई, तुमाले शेवया पायजे. मले माही कंबर पायजे.”

मला राग आला. खोटं कशाला सांगू? हा पट्टा गेला की आई दुसऱ्यांदा जाईल, असं मला वाटत होतं, आणि हिला कमरेची पडली होती! वहिनी कप ठेवायला वाकली आणि उठताना तिने भिंत धरली. मी बुटक्याची ताटली भावाकडे सरकवली. “हाच पेर,” म्हटलं.

मार्चमध्ये कापणी बघायला गेले. पट्ट्यात सगळीकडे एका उंचीचा, शहाण्यासारखा उभा गहू. हार्वेस्टर या टोकाकडून त्या टोकाला गेला आणि परत आला, एवढंच. वहिनी कडुलिंबाखाली पाय पसरून बसली होती, बाजूला चहाचा थर्मास. “या नं ताई, बसा,” म्हणाली. मी बसले. बन्सीचं शेवटचं धाटही आता कुठे उरलं नव्हतं.

“काहून गप झाल्या?”

“आई आठवली. इथेच असायची ती कापणीला.”

“बसत तं कदीच नव्हत्या,” वहिनी म्हणाली. “विळ्यानं बन्सी कापून झाला का त्यायच्यानं उठवत नव्हतं. मीच तं पाठ चोळून देत होती. म्हनत, नागपूरले सांगू नको, पोरगी शेवया खानं सोडून देईन.”

इतकी वर्षं मी त्या पट्ट्यात आईचे हात शोधत होते, तिची पाठ वहिनीला ठाऊक होती. समोर मशीन थांबलं, धुरळा खाली बसला. मला शेवया नको होत्या, बन्सी नको होता. मला आई हवी होती, तिथे, त्या सावलीत, पाय पसरून बसलेली.