डिस्क कोण खातंय?

आमच्या हॉस्पिटलचा सर्व्हर सांभाळणारे नाना दिवसातून दोनदा हाताची घडी घालून पडद्यासमोर बसतात आणि डिस्क कोण खातंय ते बघतात. काळ्या पडद्यावर एक कमांड टाइप केली की सर्व्हरवर चाललेल्या प्रोग्रॅमची यादी येते: कोणाच्या नावाने चाललाय, डिस्कवरून सेकंदाला किती वाचतोय, किती लिहितोय. जास्त खाणारा वर सरकतो. जेवायला बसलेल्या नातवंडांकडे आजोबांनी बघावं, तसे नाना त्या यादीकडे बघतात. मी त्यांची सहायक. माझी खुर्ची त्यांना लागून, आणि जीभ जरा तिखट.

नानांच्या घराला तीन किल्ल्या आहेत. एक त्यांच्या खिशात, एक काकूंकडे, एक शेजाऱ्यांकडे. शेजारी बाहेरगावी गेले तर चौथी माझ्याकडे येते. याला कारण आहे. फार पूर्वी एकदा डिस्क उडाली आणि आठवडाभराचे एक्स-रे गेले. पाय मोडलेल्या लेकीला कडेवर घेऊन एका आईला पुन्हा यावं लागलं. ती बाई काही बोलली नाही, आणि तेच नानांना अजून सलतं. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, आमचे नाना पाणीसुद्धा फुंकतात. त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला: पहाटे चारला सगळे एक्स-रे दुसऱ्या डिस्कवर उतरवायचे आणि मग एकेक मूळ एक्स-रेशी ताडून बघायचा. काकू म्हणतात, जमलं असतं तर या माणसाने लग्नातच माझीही एक प्रत मागून घेतली असती.

गेले काही महिने सकाळी नऊ ते अकरा सर्व्हर रांगायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे उघडायला घ्यावा आणि तो दिसेपर्यंत चहा संपावा. बोट आमच्या एक्स-रेताईकडे गेलं. ताईची एक सवय आहे. नवा एक्स-रे डॉक्टरांकडे पाठवण्याआधी ती त्या पेशंटचे जुने शोधून शेजारी लावते. कोणी सांगितलेलं नाही, पण त्यामुळे फरक चटकन दिसतो. हॉस्पिटल चालवणाऱ्या मोठ्या मॅडमनी नानांना विचारलं, नानांनी यादी छापून दिली. सगळ्यात वर ताईचं नाव. बुधवारी हुकूम निघाला: जुनं काही उघडायचं नाही, आणि सोमवारपासून ताईने तळघरात, फायलींच्या खोलीत बसायचं.

नानांना वाईट वाटलं. पण आकडे कधी खोटं बोलत नाहीत, असं ते दोनदा म्हणाले. मला त्यांचा रागच आला. कारण गुरुवारी ताईने एकही जुना एक्स-रे उघडला नाही, तरी सर्व्हर तसाच रांगत होता.

शुक्रवारी सकाळी नाना चहाला गेले तेव्हा मीच ती कमांड चालवली. नाना कमांडपुढे ज्या चार खुणा जोडतात त्या मला येत नाहीत, मी आपली साधीच टाइप केली. यादीत सगळ्यात वर एक नाव आलं, जे मी तिथे कधीच पाहिलं नव्हतं. नानांचं. त्यांचा तो ताडून बघणारा प्रोग्रॅम भसाभसा वाचत होता. ताईचं नाव कुठल्या कुठे खाली होतं.

नाना चहा घेऊन मागे येऊन उभे राहिले. त्यांनी सांगितलं की त्या चारांतल्या एका खुणेने स्वतःची ओळ ते कायम गाळतात. आपलं काम आपल्याला माहीतच असतं, उगाच गर्दी कशाला. पूर्वी हा प्रोग्रॅम उजाडायच्या आत संपायचा. एक्स-रे वर्षागणिक वाढत गेले आणि ताडणी अकरापर्यंत लांबली, ते त्यांनी कधी बघितलंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

त्यांनी ताडणी थांबवली. मी एक एक्स-रे उघडला, तो पटकन आला. मी म्हटलं, ताडणीची वेळ हळूच बदलून टाकू, कोणाला कळायचंही नाही, आणि सर्व्हर सुरळीत झाला की मॅडमही ताईचं विसरतील.

नानांनी चष्मा काढला. "तो कागद मी दिलाय," ते म्हणाले. "ती तळघरात बसणार आणि मी इथे यादी बघत बसू?"

न गाळलेली यादी छापून ते वर मॅडमकडे गेले. वर काय झालं ते त्यांनी एवढंच सांगितलं की ताई जागेवर राहील, जुने एक्स-रे पूर्वीसारखेच उघडेल, आणि यापुढे नानांचा कुठलाही कागद मी तपासल्याशिवाय मॅडम हातात घेणार नाहीत. मला त्या माणसाचं इतकं कौतुक वाटलं की चिडवायचंही सुचलं नाही.

मग आम्ही ताईकडे गेलो. तिने ड्रॉवर रिकामा करून सगळं पिशवीत भरलं होतं.

"यादीत तू वर दिसलीस, कारण मी स्वतःला गाळलं होतं," नाना म्हणाले. "चूक माझी आहे."

ताई म्हणाली, "मला खरंच वाटायला लागलं होतं नाना, की जुनं उघडून बघणं हीच माझी चूक."

नानांचे डोळे भरून आले. त्यांनी पिशवी उघडी धरली. ताईने वही बाहेर काढली. बुधवारपासून अकरा जणांचे एक्स-रे तसेच पुढे गेले होते, जुने शेजारी न लावता. तिने त्या सगळ्यांची नावं लिहून ठेवली होती.

जेवायच्या सुट्टीत आम्ही तिघांनी बसून त्या अकराही जणांचे जुने एक्स-रे डॉक्टरांना काढून दिले.