सॉल आपटेकरांच्या नोंदवहीतला नारळ

खांदा कॉलनीतल्या सॉलकाका आपटेकरांना विचारून बघा, "काका, जेवण झालं का?" ते नुसतं "हो" म्हणणार नाहीत. "एक वाजून दहा मिनिटांनी झालं," म्हणतील, आणि तुम्ही न विचारता भाजी कोणती होती तेही सांगतील. एकतीस वर्षं समुद्रातल्या तेलविहिरीवर रेडिओ ऑपरेटर राहिलेल्या माणसाला असंच बोलता येतं, त्याला आपण काय करणार? चौदा दिवस रिगवर, चौदा दिवस पनवेलात. हेलिकॉप्टर किती वाजता उतरलं, वारा कुठून होता, कुठलं जहाज जवळून गेलं, सगळं काका नोंदवहीत लिहीत. एकतीस वर्षांत एकही नोंद खोटी नाही, हे ते स्वतःच सांगत फिरायचे, त्यामुळे कॉलनीतल्या मांजरांनाही ते पाठ होतं.

घराणं मूळ आपटा गावचं, बेने इस्रायली. कोकणातल्या या ज्यू मंडळींना पूर्वी शनिवार तेली म्हणत, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी धर्माची सुट्टी, म्हणून घाणा बंद. "पणजोबा तेली, मीही तेलीच," काका ऐटीत सांगायचे. त्यावर बायको, म्हणजे हेप्झिबाकाकू, आतून म्हणायच्या, "त्यांचा बैलसुद्धा शनिवारी बसायचा. तुम्ही कधी बसलात?" समुद्रातलं ड्रिलिंग शनिवारी थांबत नसतं, त्यामुळे काका विषय बदलायचे.

डिसेंबरअखेर काका निवृत्त होणार होते आणि त्यांची इच्छा एकच होती. त्या रिगवरचा रिवाज असा, की रेडिओवाल्याने शेवटच्या फेरीत नोंदवहीत शेवटची ओळ लिहायची, खाली सही करायची, आणि मग सगळी रिग त्याला हेलिपॅडपर्यंत सोडायला येते. ती ओळ काय असावी यावर काकांचा दोन वर्षं विचार चालला होता. सात मसुदे झाले होते. सातही काकूंना वाचून दाखवले होते आणि काकूंना सातही सारखेच वाटले होते.

आणि ऑगस्टात नारळ मध्ये आला.

त्या वर्षी रिग उभी होती शेजारच्या देशाच्या पाण्याला अगदी खेटून. समुद्रात कुंपण नसतं, रेष असते ती नकाशात. पण रेष आली की तंटा आलाच. आपण विहीर खणायला घेतली तसे शेजारी ओरडले, "तळाखालून आमचं तेल ओढताय, आणि उद्या सांडलंत तर आमच्या किनाऱ्याला काळं फासाल." आपण कळवलं, "आम्ही आमच्या अंगणात आहोत." मग त्यांची गस्ती बोट रोज रेषेपलीकडून येरझारा घालायला लागली. इकडे रिगवर सूचना लागली: पलीकडच्यांशी बोलू नये, हात हलवू नये, समुद्रात काहीही टाकू नये.

नारळी पौर्णिमेला सकाळी रिगचा कूक आनंदा रेडिओ खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आनंदा पनवेलच्याच खाडीकाठचा आगरी, बापाचं मिठागर होतं. पांढऱ्या एप्रनखाली त्याने काहीतरी लपवलं होतं आणि लपवलंय हे लांबूनही दिसत होतं.

"सायेब, एक काम हाय," तो म्हणाला. "यंदा आमच्या घरात सन नाय. बाबा वारलं ना, वरीस व्हायचाय. मना हात लावता येत नाय. पन दर्याचा नारळ बाबांनी कदी चुकवला नाय. ह्यो त्यांच्या हातच्या माडाचा हाय. तुमी टाका. तुमाला सुतक थोडंच हाय."

एप्रनखालून नारळ निघाला. सोनेरी कागदात नीट गुंडाळलेला.

"आनंदा, समुद्रात काहीही टाकू नये, अशी सूचना आहे."

"काहीही म्हंजे कचरा. नारळ कचरा हाय का?"

काकांना हे पटलंही आणि पटलं नाहीही. वर आणखी एक शंका. त्यांनी पनवेलला फोन लावला. "हेप्झी, दुसऱ्याचा नारळ समुद्रात टाकणं ही पूजा झाली की शेजारधर्म?"

"एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करते, पोह्यांत गूळ घालून वर नारळ किसते, तेव्हा बरं विचारत नाही," काकू म्हणाल्या. "त्याचा बाप गेलाय. टाका मुकाट्याने."

काकांनी टाकला. आनंदा चार पावलं मागे हात जोडून उभा होता. आणि मग काकांनी ते केलं जे या भूतलावर फक्त त्यांनीच केलं असतं. ते आत गेले, वही उघडली आणि लिहिलं: "सकाळी ७.१०. वारा नैर्ऋत्येचा. एक नारळ, सोनेरी कागदासह, समुद्रात सोडला. सोडणारा: स. आपटेकर."

आनंदाने कपाळाला हात लावला. "ह्ये लिवायचं कशाला?"

"घडलं म्हणून," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या गस्ती बोटीने तो नारळ पाण्यातून उचलला आणि आठवड्याभरात दिल्लीला निषेधाचं पत्र आलं. त्यात म्हटलं होतं, तेलविहिरीच्या दिशेने आलेली, सोनेरी आवरणातली, गोल आणि केसाळ वस्तू सापडली आहे, आत द्रव असल्याचा दाट संशय आहे. टीव्हीवर चार तज्ज्ञ बसले. चौघांपैकी एकालाही नारळ सुचला नाही. दिल्लीच्या मंत्रालयाने त्या भागातल्या सगळ्या रिगच्या नोंदवह्या मागवल्या, आणि सगळ्या वह्यांत मिळून नारळ एकाच ठिकाणी सापडला, वेळ आणि सहीसकट.

काकांचा समुद्रावर जायचा पास थांबवला गेला. कॉलनीत थट्टेला ऊत आला. "काका, कंपनीने हातात नारळ दिला म्हणे," लोक म्हणायचे. काका हसायचे आणि घरचा रस्ता धरायचे.

घरी चौदा दिवस सरले. पंधरावा उजाडला तसे काका ओट्याशी जाऊन उभे राहिले आणि कुकरची पहिली शिट्टी सात चाळीसला झाल्याचं जाहीर केलं. तीन दिवस काकूंनी सोसलं. चौथ्या दिवशी त्यांनी धोरण ठरवलं: ओट्यापासून तीन फुटांच्या आत यायचं नाही, डब्यांना हात लावायचा नाही, फोडणीवर मत द्यायचं नाही. सीमेचे नियम ते शेवटी सगळीकडे सारखेच.

चौकशी कंपनीच्या नवीन पनवेलच्या ऑफिसात ठरली. आदल्या दिवशी मॅनेजर स्वानंदने काकांना बोलावून चहा पाजला. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता.

"आपटेकर, सोपं आहे," तो म्हणाला. "लिहून द्या, नारळ स्वयंपाकघराच्या खिडकीतून पडला, तुम्ही लांबून पाहिलात, सोडला हे घाईत लिहिलं गेलं. पडला म्हणजे अपघात. तुमचा पास परत, उरलेल्या फेऱ्या करा, तुमची ती शेवटची ओळ लिहा."

"आणि स्वयंपाकघर आनंदाचं."

"ठेकेदाराचं. ते माणूस बदलतील. दुसरीकडे लागेल तो कुठेतरी."

काकांना मोह झाला. मोह झाला हे कशाला लपवायचं? घरी येईपर्यंत त्यांनी मनात ते वाक्य चारदा लिहून पाहिलं. काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सात मसुदे वाचून दाखवलेत ना? आता हा आठवा लिहा. नारळ पडला. सही करा आणि वाचा मोठ्याने. ऐकते मी."

काकांनी कागद घेतला, पेन उघडलं, वर तारीख आणि वेळ घातली. मग पेन बंद केलं आणि मेथी निवडायला बसले. तीन फुटांचा नियम त्या दिवसापुरता काकूंनी शिथिल केला.

चौकशीला मंत्रालयाकडून आभा नावाची अधिकारी आली होती, तिशीतली, खारघरची मुलगी. आनंदाला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर होता आणि सगळ्यांच्या आधी बोलला.

"म्याडम, नारळ माजा. सायबांनी निस्ता हात लावला. काय करायचं ते माजं करा."

"बस खाली," काका म्हणाले. "मॅडम, सूचना मी वाचली होती. नारळ मीच सोडला, पडला नाही. चूक माझी."

स्वानंदने डोळे मिटले. आभाचं मात्र कुणाकडे लक्ष नव्हतं. ती वहीत बघत होती.

"काका, सात दहा म्हणजे नक्की सात दहा?"

काका दुखावले. "सात दहा," ते म्हणाले.

"आणि त्यांना मिळाला दुसऱ्या दिवशी दोन दहाला. एकतीस तास." तिने नकाशा पसरला. "आमच्या आराखड्यात लिहिलंय, विहिरीतून तेल सांडलंच तर पावसाळ्यात ते आपल्या बाजूला येईल. नारळ तर तिकडे गेला. म्हणजे शेजाऱ्यांच्या ओरडण्यात निदान एवढं तरी खरं आहे." मग तिने वही मिटली. "पण नियम मोडलाय, काका. पास मी आज देऊ शकत नाही."

आनंदाची नोकरी राहिली. काकांचा पास गेला तो गेलाच. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली. काकांनी सात मसुदे कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिले. काकूंनी कुणाला न सांगता एलियाहू नबीला, आपल्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलून ठेवला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. तेल कुणाचं यावर दोन्ही सरकारांचं अजून जमलं नव्हतं आणि जमायची चिन्हंही नव्हती. एवढं मात्र ठरलं होतं, की सांडलंच तर तासाभरात एकमेकांना कळवायचं, आणि पाणी कुठे वाहतं याची मिळून चाचणी घ्यायची. पत्राखाली आभाची सही होती. चाचणीची वस्तू तरंगणारी आणि निरुपद्रवी असावी. दुरून दिसावी म्हणून तिला चकाकतं आवरण लावावं. वेळेची नोंद विश्वासू माणसाने करावी, त्यासाठी श्री. सॉल आपटेकर यांना एका फेरीपुरता पास देण्यात येत आहे.

"चकाकतं आवरण," काकूंनी पुन्हा वाचलं आणि पोहे भिजवायला घेतले. मलिद्याला आनंदा आला, दोन ताटल्या संपवल्या आणि जाताना सांगून गेला, "नारळ मी आनतो. त्याच माडाचा."

आनंदाचं वर्ष अजून सरलं नव्हतं, म्हणून या वेळीही हात काकांचाच होता. फेरी संपायला दोन दिवस असताना, सकाळी सात दहाला, सरकारी परवानगीने आणि सोनेरी कागदासह नारळ पाण्यात गेला.

दोन दिवस पलीकडून काहीच कळलं नाही. शेवटच्या सकाळी काका सातही मसुदे समोर मांडून बसले. हेलिकॉप्टर अकराला यायचं होतं. नऊ पंचवीसला रेडिओ खरखरला. पलीकडच्या गस्ती बोटीने ठरल्याप्रमाणे वस्तू मिळाल्याची वेळ आणि जागा कळवली. मग जरा थांबून तोच आवाज हिंदीत म्हणाला, "नारियल मीठा निकला, साहब."

दारात उभ्या आनंदाने विचारलं, "काय म्हनतान?"

"गोड निघाला म्हणतात."

आनंदाने एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. "बाबांचा नारळ कदी खवट निगाला नाय," तो म्हणाला.

काकांनी मसुदे घडी करून खिशात घातले. वही पुढे ओढली आणि लिहिलं: "सकाळी ९.२५. पलीकडून कळवलं, नारळ मिळाला. गोड निघाला. माड आनंदाच्या वडिलांनी लावलेला." मग घड्याळात बघून खाली सही केली.